पॅनल आला, वर्ग शांत झाला, पण चाचणीत काहीच उतरत नाही

या वेळचं पत्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका मॅडमचं आहे. थोडं कमी करून देते:

"ताई, मी एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठा टच पॅनल भेट दिला. मुख्याध्यापक सर म्हणतात रोज वापरा आणि फोटो ग्रुपवर टाका, म्हणून मी प्रत्येक धड्याचे व्हिडिओ शोधून लावते. मुलांना फार आवडतं, एरवी गोंधळ घालणारा वर्ग एकदम शांत बसतो. मला वाटलं यंदा निकाल चांगला लागणार. पण घटक चाचणीत 'विद्युतधारेचे परिणाम' वर सोपे प्रश्न टाकले होते तरी अर्ध्या वर्गाने भलतंच लिहिलं, व्हिडिओत तीनदा सांगितलेली गोष्टसुद्धा नाही. वर्गात ५८ मुलं आहेत, नेट कधी येतं कधी जातं, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक सूक्ष्मदर्शक. मुलांना फोन आणायला बंदी आहे. माझं काय चुकतंय? आणि हो, माजी विद्यार्थी अजून दहा-पंधरा हजार द्यायला तयार आहेत, ते व्हीआर गॉगल घ्या म्हणतायत. घेऊ का?"

मॅडम, तुमच्या पत्रातला एक शब्द मी परत परत वाचला, तो म्हणजे "शांत". तुम्हाला ती शांतता चांगली खूण वाटली, आणि ५८ मुलांच्या वर्गात कुणालाही वाटेल, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. विज्ञानाच्या तासाला मुलं काहीतरी चुकीचं बोलली पाहिजेत, एकमेकांशी भांडली पाहिजेत, "नाही बाई असं कसं होईल" म्हणाली पाहिजेत. व्हिडिओ छान असतो, सगळं बरोबर सांगतो, भराभर पुढे जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की मला कळलं. मुलाच्या डोक्यात आधीपासून जी समजूत बसलेली असते ना, की सेलमधून करंट निघतो आणि बल्ब तो खाऊन टाकतो, तिला कुणी हातच लावत नाही. व्हिडिओ संपतो, समजूत जागच्या जागी, आणि चाचणीत तीच कागदावर उतरते.

म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण समजा: पॅनल आणि फोन दाखवण्यासाठी कमी वापरा, विचारण्यासाठी आणि मोजण्यासाठी जास्त वापरा. स्क्रीन चालू व्हायच्या आधी मुलांनी स्वतःचा अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे, पेनने, खोडता येणार नाही असा.

तुमच्या त्याच धड्यावरून सांगते म्हणजे नीट कळेल. दोन सेल, टॉर्चचे दोन सारखे बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे एकामागोमाग एक. स्विच दाबायच्या आधी फळ्यावर प्रश्न लिहा: सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल, लांबचा जास्त उजळेल, की दोन्ही सारखे? पर्याय एक, दोन, तीन. मुलांना सांगा बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, छातीशी धरून बोटं दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी बदलत नाही आणि तुम्हाला समोरून एका नजरेत ५८ उत्तरं दिसतात. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि परत बोटं दाखवायला सांगा. ही पद्धत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ च्या सुमारास सुरू केली. त्यांच्या लक्षात आलं होतं की त्यांची हुशार मुलं अवघड गणितं सोडवतात पण साध्या समजेच्या प्रश्नावर अडखळतात. हार्वर्डच्या मुलांचं असं होत असेल तर आपल्या मुलांनी का लाजायचं? या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही आणि वीज गेली तरी चालतं.

आता खरं सर्किट जोडा. आणि इथे एक गंमत होते जी व्हिडिओत कधीच होत नाही: बाजारातले दोन "सारखे" बल्ब अगदी सारखे नसतात, त्यामुळे एक किंचित जास्त उजळतो आणि "धन टोकाजवळचा" म्हणणारी मुलं आनंदाने ओरडतात. घाबरू नका, हे फार चांगलं झालंय. विचारा, आता हे बल्बमुळे की जागेमुळे ते कसं शोधायचं? कुणीतरी म्हणतंच, बाई बल्बांची अदलाबदल करा. केली की जास्त उजेड बल्बाबरोबर दुसऱ्या जागी जातो. त्या क्षणी मुलांनी एक खरा प्रयोग स्वतः आखलेला असतो.

आणि यानंतर पॅनल लावा, आधी नाही. फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर बोटाने हाताळायचे आभासी प्रयोग, तुम्हाला माहीत असतील, नसतील तर आजच बघा. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सगळं फुकट आहे, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एकेक सिम्युलेशन फाइल म्हणून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवता येतं, मग नेट गेलं तरी ब्राउजरमध्ये चालतं. त्यातलं डीसी सर्किटचं किट उघडा, मघाचंच सर्किट एका मुलीला पॅनलवर बोटाने जोडायला लावा, आणि दोन्ही बल्बांच्या आधी, मधे, नंतर धारा मोजणारा अमीटर लावून बघा. तीनही ठिकाणी आकडा एकच येतो. बल्ब करंट खात नाही हे तेव्हा मुलांना दिसतं, कारण पाच मिनिटांपूर्वी त्यांनी त्यावर पैज लावलेली असते.

फक्त एक गोष्ट तोंडाने सांगा, की पडद्यावर तारेतून धावणारे निळे गोळे हे चित्र आहे, इलेक्ट्रॉन असे दिसत नाहीत आणि तारेत त्यांची पुढे सरकण्याची गती फारच कमी असते. हे नाही सांगितलं तर एक चुकीची समजूत काढून तुम्ही दुसरी बसवाल.

कुणी म्हणेल सिम्युलेशन असताना खऱ्या तारा कशाला. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते. २००५ मध्ये कोलोराडो विद्यापीठातल्याच संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एका गटाने सर्किटचा प्रयोग खऱ्या साहित्यावर केला आणि दुसऱ्याने सिम्युलेशनवर, आणि नंतर खरं सर्किट जोडून समजावून सांगण्यातही सिम्युलेशनवाली मुलं पुढे निघाली. म्हणजे सिम्युलेशन हे गरिबाचं साहित्य आहे असं मुळीच नाही, न दिसणारी गोष्ट ते दिसती करतं. पण ती मुलं स्वतः हाताळत होती, कुणी त्यांना लावून दाखवत नव्हतं, हे विसरू नका. आणि आपल्या मुलांनी तारेचं टोक सोलून बल्बाला कधी जोडलेलंच नाही, बऱ्याच जणांना बल्बाला दोन टोकं कुठे असतात हेच माहीत नसतं. शिवाय दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. म्हणून माझं मत: आपल्याकडे दोन्ही हवं, आधी हात मग पडदा, आणि वेळ कमी पडला तर पडदा सोडा.

आता मोजण्याकडे येते, कारण खरी मजा इथे आहे आणि यासाठी फक्त तुमचा स्वतःचा फोन लागतो. तुमच्या फोनच्या पोटात चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर बहुतेक असणारच, होकायंत्राचं ॲप त्याच्यावरच चालतं. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स (phyphox) नावाचं फुकट ॲप काढलं, ते हे सगळे सेन्सर उघडून आकडे आणि आलेख दाखवतं. त्याला इंटरनेट लागत नाही. आणि पॅनलवालीसाठी सोन्यासारखी सोय म्हणजे फोनचा हॉटस्पॉट लावून पॅनल त्याला जोडला आणि ॲपमधला रिमोट ॲक्सेस चालू केला, की फोनवर येणारा आलेख पॅनलच्या ब्राउजरमध्ये जसाच्या तसा हलताना दिसतो, ५८ च्या ५८ जणांना.

आता पुस्तकातला ओर्स्टेडचा प्रयोग आठवा. तारेतून धारा गेली की शेजारची चुंबकसूची हलते. १८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड यांच्या लक्षात आलं ते हेच. आपण चुंबकसूची हलताना दाखवतो, पहिल्या दोन बाकांना दिसते, विषय संपला. त्याऐवजी असं करा. वायंडिंगची इनॅमलवाली तार किंवा साधी प्लॅस्टिकवाली तार घेऊन एक मोठा चौकोन करा, हात-दीड हात लांबी-रुंदीचा, दहा वेढ्यांचा, आणि चिकटपट्टीने वेढे एकत्र बांधून टाका. इनॅमलची तार असेल तर टोकं पॉलिशपेपरने घासा नाहीतर धाराच जाणार नाही. सर्किटमध्ये दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब ठेवाच, म्हणजे धारा साधारण ०.२५ ते ०.३ अँपिअरच्या आसपास राहते, तार तापत नाही, सेल लगेच मरत नाही, आणि धारा चालू आहे हे मुलांना बल्बावरून दिसतं.

फोन लाकडी बाकावर ठेवा. लोखंडी टेबलावर अजिबात नको, आकडे वेडेवाकडे येतात. काहीही न जोडता आधी वाचन घ्या. ४० मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास काहीतरी येईल. मुलांना विचारा हे कशाचं? चुंबक नाही, तार नाही, मग आकडा शून्य का नाही? थोडा वेळ थांबा, उत्तर सांगू नका. कुणीतरी "पृथ्वी" म्हणेल, आणि तुमच्या शाळेच्या बाकावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलंय हे त्यांच्या लक्षात येईल. मला तरी यापेक्षा मोठी गोष्ट एका तासात घडताना फारशी आठवत नाही.

मग चौकोनाची एक बाजू फोनच्या सेन्सरवर एक सेंटीमीटर उंचीवर धरा, बाकीच्या बाजू लांब राहू द्या. सेन्सर फोनमध्ये नक्की कुठे आहे ते आधी घरी शोधून ठेवा, एक छोटी चुंबकित सुई फोनवरून हळूहळू फिरवली की आकडा जिथे सगळ्यात जास्त हलतो ती जागा, बहुतेक फोनमध्ये ती वरच्या भागात असते. स्विच दाबला की आलेख टुणकन उडी मारतो. हिशोबाने दहा वेढे आणि ०.३ अँपिअर धरली तर एक सेंटीमीटरवर साधारण ६० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र येतं, दोन सेंटीमीटरवर ३०, चारवर १५. तुमचं इतकं सुबक येणार नाही, कारण सेन्सर फोनच्या आत काही मिलिमीटर खोल असतो आणि पृथ्वीचं क्षेत्रही त्यात मिसळलेलं असतं, म्हणून एक्स, वाय, झेड या तीन दिशांचे आकडे वेगवेगळे बघा, ज्या दिशेचा सगळ्यात जास्त बदलतो तो घ्या, आणि धारा बंद असतानाचं वाचन त्यातून वजा करायला लावा. पण अंतर वाढलं की आकडा घसरतो, सेल उलटे जोडले की बदल उलट दिशेला होतो, हे स्वच्छ दिसतं. आलेख कागदावर मुलांनीच काढायचा, पॅनलवर नाही. धारेवरून चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगणारा उजव्या हाताचा नियम त्यानंतर सांगा, तेव्हा त्याला काहीतरी अर्थ असतो.

दोन सूचना मात्र कडक. घरच्या मेन लाइनवर किंवा मोबाइल-बाइकच्या बॅटरीवर हा प्रयोग कुणी करायचा नाही, हे वर्गात दोनदा सांगा, कारण एखादा हौशी घरी जाऊन करतोच. आणि मोठे, स्पीकरमधले वगैरे चुंबक फोनजवळ आणू नका.

नववीला ध्वनीचा धडा आहे, त्यात ध्वनीचा वेग मुलं पाठ करतात. तो व्हरांड्यात मोजता येतो. तुमचा फोन आणि स्टाफरूममधल्या कुणाचातरी फोन, दोन्हींवर फायफॉक्समधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच लावा. हे पहिल्या टाळीला सुरू होतं आणि दुसऱ्या टाळीला थांबतं. दोन फोन टेपने मोजून बरोबर १० मीटरवर ठेवा, प्रत्येकाशेजारी एक मूल. पहिल्याने टाळी वाजवली की त्याचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा जरा उशिरा. मग दुसऱ्याने टाळी वाजवली की त्याचा फोन आधी थांबतो आणि पहिल्याचा उशिरा. म्हणजे दोन वाचनांतला फरक हा आवाजाला जाऊन-येऊन २० मीटर जायला लागलेला वेळ. तो ०.०५८ सेकंदाच्या जवळपास यायला हवा, २० ला त्याने भागलं की ३४५ च्या आसपास मीटर प्रति सेकंद. फरक का घ्यायचा, नुसतं एका फोनवर का भागत नाही, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून शोधू द्या, दहा मिनिटं जातील पण जाऊ द्या. बाकी वर्ग सुटलेले असताना किंवा परिपाठाच्या आधी करा, कारण मधल्या सुट्टीच्या गोंगाटात फोन भलत्याच आवाजाला सुरू होतो, आणि कितीही आवाज कमी केला तरी आवाजाची किमान पातळी सेटिंगमध्ये जरा वर ठेवा. पाच-सहा वेळा करून सरासरी काढायची, आणि एखादं वाचन अगदीच वेगळं आलं तर ते का आलं यावर बोलायचं. चुकांबद्दल बोलणं हे विज्ञान शिकवण्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि मोबाइलने ते किती सोपं केलंय बघा, पूर्वी एक वाचन घ्यायलाच तास जायचा.

आता तुमचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक. ५८ मुलं रांगेत, प्रत्येकाला दहा सेकंद, त्यातल्या निम्म्यांना स्वतःची पापणी दिसते आणि सगळे म्हणतात "दिसलं बाई". नेत्रिकेवर फोनचा कॅमेरा टेकवा, स्क्रीन पॅनलवर पाठवा, आणि कांद्याच्या सालीच्या पेशी भिंतीएवढ्या करा. पण तिथे थांबू नका, एकेकाला पॅनलजवळ बोलवून विचारा केंद्रक कुठाय, पेशीभित्तिका कुठाय, बोट ठेव. इथे सगळे एकच गोष्ट बघतायत, म्हणून चुकलेलं बोट सगळ्यांना दिसतं आणि त्यावर बोलता येतं. हातात फोन हलतो, म्हणून स्टँड लागेल, त्याचं शेवटी सांगते. आयोडीनचा थेंब टाकायला विसरू नका.

हाच फोन स्टँडला उलटा टांगून टेबलावर रोखला की मागच्या बाकालाही परीक्षानळी दिसते. कॉपर सल्फेटच्या द्रावणात खिळा टाकून टाइमलॅप्स लावा आणि तास पुढे चालू ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत अर्ध्या तासाचा बदल अर्ध्या मिनिटात बघता येतो, खिळ्यावर तांब्याचा थर चढताना. कोणती धातू कोणाला विस्थापित करते हे त्याआधी वहीत लिहून घ्यायचं, हे आता सांगायला नकोच.

व्हिडिओ पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाहीये. जे वर्गात करताच येत नाही त्यासाठी व्हिडिओ लागतोच. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातात हातोडा आणि एका हातात पीस धरून दोन्ही एकदम सोडले, ती चित्रफीत मिनिटभराचीही नाही. गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला ती हवीच. पण आवाज बंद करून लावा, त्यांनी हात उघडायच्या क्षणी थांबवा, आणि विचारा. मग पुढे चालू करा. एका व्हिडिओतला एकच तुकडा, दोन-तीन मिनिटांचा, आणि मधे थांबा. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं दीक्षा या सरकारी ॲपचं साहित्यही असंच वापरा, आधी स्वतः घरी पूर्ण बघायचं आणि त्यातला हवा तेवढाच भाग वर्गात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत, त्या बघून मुलांना खेळणं करायला लावा, नुसतं बघायला नको. आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या विज्ञान प्रतिभा प्रकल्पात आठवी ते दहावीसाठी तयार उपक्रम मिळतात, ते तुमच्यासाठी आहेत, एकदा निवांत चाळा.

फोनवर करायचा गृहपाठ देऊ नका. हे मला कळकळीने सांगायचंय. घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो, रात्री आला की आधी भावाच्या हातात जातो आणि मुलींच्या वाट्याला चार्जिंग संपलेला येतो. जी मुलगी "बाई नाही जमलं" म्हणते तिने आळस केलेला नसतो. फोनचं सगळं काम शाळेत, तुमच्या फोनवर, सगळ्यांसमोर.

एआय चॅटबॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या महिन्यात विचाराल म्हणून सांगून टाकते. मुलांना उत्तरं लिहून देण्यासाठी तो नको, मराठी पारिभाषिक शब्द तो बऱ्याचदा मनाने बनवतो आणि चुकीचं उत्तरही ठामपणे देतो, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय काही वर्गात नेऊ नका. पण त्याला म्हणा, "या प्रश्नावर नववीची मुलं कोणती चुकीची उत्तरं देतील, सहा दे", आणि त्यातून तुमच्या बोटांच्या मतदानाचे पर्याय निवडा. या कामाला तो बरा आहे आणि तुमचे रात्रीचे दोन तास वाचतात.

आता मुख्याध्यापक सर. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना देणगीदारांना आणि वरच्या साहेबांना काहीतरी दाखवायचं असतं आणि पॅनल धूळ खात पडला तर बोलणी त्यांनाच बसतात. तुम्ही त्यांना रोजचा फोटो देऊच नका म्हणालात तर विषय तिथेच संपेल. त्यापेक्षा फोटो बदला. व्हरांड्यात टेप घेऊन १० मीटर मोजणारी मुलं, वहीतला अंदाज आणि खाली खरं वाचन, पॅनलवर पेशीवर बोट ठेवणारी मुलगी, असे फोटो टाका. दिसायलाही ते व्हिडिओ बघणाऱ्या पाठमोऱ्या वर्गापेक्षा शंभरपट चांगले दिसतात. आणि सरांना एकदा तासाला बसवा, बोटं दाखवायला त्यांनाही लावा. रोज पॅनल लावायचं ओझं मात्र डोक्यातून काढा. महिन्यातून दोन-तीन तास असे नीट तयारीने घेतलेत, बाकी दिवस खडू-फळा-प्रश्न, तरी पुष्कळ झालं. शालार्थची (पगाराची), यू-डायसची (शाळेच्या माहितीची), निवडणुकीची कामं सांभाळून जेवढं टिकेल तेवढंच ठरवा. पॅनल चालू-बंद करणं, केबल लावणं, झाकण घालणं यासाठी नववीतल्या चार मुलांची टीम करा, त्यात दोन मुली हव्यातच, नाहीतर केबल कायम मुलांच्याच हातात राहते.

पुढच्या घटक चाचणीत एक प्रश्न असा टाका की ज्याचं उत्तर व्हिडिओत किंवा पुस्तकात जसंच्या तसं नाही. उदाहरणार्थ, तीन बल्ब एकसर जोडलेत, मधला काढला तर बाकीच्यांचं काय, आणि का. मागच्या वेळच्या उत्तरपत्रिका ठेवून दिल्या असतील तर शेजारी ठेवून वाचा, गुण बघू नका, "का"च्या पुढे मुलं काय लिहितात ते बघा.

आणि व्हीआर गॉगल नको. एका वेळी एक मूल बघतं, ५७ जण वाट बघतात, आणि डोळ्यावर बांधल्यावर शेजाऱ्याशी वाद घालता येत नाही. माजी विद्यार्थ्यांना तोंडावर नाही म्हणायला अवघड वाटेल, म्हणून हातात यादी देऊनच भेटा. साधे डिजिटल मल्टिमीटर बारा, दोन-तीनशे रुपयांना एक मिळतो, म्हणजे पाच मुलांत एक आला. सेल-होल्डर, टॉर्चचे बल्ब आणि त्यांचे होल्डर, क्रोकोडाइल क्लिपवाल्या तारा, हे सगळं बारा संच. फोनचा वाकवता येणारा मजबूत स्टँड एक, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर फोन बसवायचा क्लॅम्प एक. साधे थर्मामीटर, काचेच्या चिपा (आयताकृती ठोकळे), बहिर्वक्र भिंगं, मोजपट्ट्या. पॅनलपासून प्रयोगाच्या टेबलापर्यंत पोचेल एवढी लांब एचडीएमआय केबल, आणि तुमच्या फोनला ती चालते का ते दुकानात जोडून बघा, कारण सगळे फोन केबलवरून चित्र पाठवत नाहीत, नसेल चालत तर पॅनलचं वायरलेस कास्टिंग वापरा. एवढं घेऊन पैसे उरले तर पॅनलसाठी छोटा यूपीएस विचारा. आणि सेलचा खर्च दरवर्षी येणार आहे, तो एकरकमी देणगीत बसत नाही, म्हणून दरवर्षी शाळा सुरू होताना दोन डझन सेल देण्याचं एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या नावावर आत्ताच लिहून घ्या.